तालमीत न गेलेली मांडी

माझ्या भावाच्या मांडीचा एक तुकडा मिरजेत माझ्या ताब्यात आहे. लग्नकार्यात एखाद्या मावशीनं "तू नेमकं करतीस तरी काय गं?" असं विचारलं की मी हे एकच वाक्य टाकते आणि तिच्या हातातली जिलेबी हातातच राहते. मग तिला शेजारी बसवून सगळं समजावून सांगावं लागतं. खरं सांगायचं तर मला ते आवडतं. सगळं नीट ऐकून घेतल्यावर ती बहुतेक वेळा विचारते, "मग लगीन कवा करणार?" त्याला माझ्याकडे इलाज नाही.

काम सांगायला अवघड नाही. माणसाच्या स्नायूतून तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा घ्यायचा, त्यातल्या वाढू शकणाऱ्या पेशी वेगळ्या करायच्या, त्यांना पोसायचं, आणि पुरेशा झाल्या की त्यांच्यापासून बशीत पुन्हा स्नायू तयार करायचा. हा बशीतला स्नायू आखडतो, सैल होतो, थकतो. आजारी माणसाचा असेल तर आजारही घेऊन येतो. म्हणजे माणसाला घरी पाठवून त्याचा आजार तेवढा आपल्यासमोर ठेवून घेता येतो, त्याला प्रश्न विचारता येतात, त्याच्यावर औषध करून बघता येतं. माणूस तिकडे आपल्या घरी चहा पीत असतो.

मी हे काम चांगलं करते. नम्रपणा मला जमत नाही आणि इथे त्याची गरजही नाही. पेशी सांभाळणं म्हणजे दुभती म्हैस सांभाळणं. तिला रविवार कळत नाही, गावची जत्रा कळत नाही, तुमचा ताप कळत नाही. वेळेवर खायला घातलं नाही, ऊब जरा कमीजास्त झाली, हात स्वच्छ नसले की गेल्याच त्या. शहरातून शिकून आलेली मुलं पहिल्या महिन्यात रडकुंडीला येतात. मी गोठा असलेल्या घरात वाढले, मला त्यात नवीन काही वाटलं नाही.

पण ही हकीकत माझ्या कामाची कमी आणि माझ्या वडिलांची जास्त आहे.

आमचं गाव कऱ्हाडच्या खाली, कृष्णाकाठी. घरचा ऊस आणि घरची फौज. आजोबा फौजेत होते, चुलते होते, वडील हवालदार होऊन पेन्शनीवर आले. त्यांना आम्ही आबा म्हणतो. आमच्या घरात मुलगा झाला की पत्रिका मांडायच्या आधी त्याची छाती मोजतात, असं आई चेष्टेनं म्हणते. आई ही आबांच्या मामाची मुलगी, तिचं माहेर तासगावकडचं, द्राक्षबागांतलं. मामाची मुलगी करण्याची आमच्यात रीतच आहे, त्यामुळे आमच्या घरी सासर आणि माहेर यांच्यात भांडण लागलं तरी ते एकाच घरातलं असतं.

आम्ही दोघं भावंडं. दादा माझ्याहून थोडा मोठा. त्याच्या पोटऱ्या हा आमच्या घराचा अभिमान होता. शाळेत असल्यापासून त्या टणक, भरलेल्या, मोठ्या माणसाच्या असाव्यात तशा होत्या. पाहुणे आले की आबा त्याला हाफ चड्डीत बोलवायचे आणि पाठमोरं उभं राहायला सांगायचे. पाहुणे खाली वाकून, बैल पारखावा तशी, पोटरी दाबून बघायचे. "हवालदार, पैलवान जल्माला घातलाय तुमी," असं कुणी म्हटलं की आबा मिशीतल्या मिशीत हसायचे. मी तिथेच माझ्या बारक्या काड्या घेऊन उभी असायची. माझ्या पोटऱ्यांबद्दल कधी कुणी अवाक्षर काढलं नाही.

दादा चवड्यांवर चालायचा. त्याच्या टाचा जमिनीला पुरत्या टेकतच नसत. तालमीतल्या वस्तादांनी एकदा त्याला रस्त्यानं जाताना पाहिलं आणि आबांना थांबवून सांगितलं, "टाच टेकत न्हाई पोराची. लय चपळ होणार गडी. लावून द्या मातीत." शिवाय तो पोट पुढे, खांदे मागे आणि छाती वर काढून चालायचा. ती तर सरळ फौजी चाल. आबांना वाटायचं, न शिकवता आलीय, रक्तातच आहे.

रक्तातच होतं, पण वेगळं काहीतरी. फुगीर पोटरी, न टेकणारी टाच आणि कमरेत मागे झुकून चालणं, ही सगळी लक्षणं डॉक्टरी पुस्तकात एकाच पानावर आहेत, हे मला फार पुढे कळलं. दादा एखाद्या किराणा दुकानदाराच्या घरी जन्मला असता तर त्याच्या बापानं त्याला कधीच दवाखान्यात नेलं असतं. आमच्याकडे तालमीत नेलं. पैलवान आणि फौजी यांच्या मुलखात अशा पोटऱ्या पाहून कुणाच्या मनात दुसरा अर्थ येणार होता?

आबांचा दिवस एका शब्दानं सुरू व्हायचा. "ऊठ." दार उघडायच्या आधी, दिवा लावायच्या आधी, फक्त ऊठ. दुसऱ्यांदा म्हणायची वेळ दादानं येऊ दिली नाही. आधी तालीम, मग कालव्याच्या रस्त्यानं पळणं. मला कुणी उठवायचं नाही, पण मी आपली उठून मागून पळायची, आणि कालव्याच्या पुलापाशी दादाच्या पुढे निघून जायची. मला त्याचा फार आनंद व्हायचा. आबांना अजिबात व्हायचा नाही.

बसल्या जागेवरून उठताना दादा आधी दोन्ही हात जमिनीला टेकायचा, मग गुडघ्यांना, मग मांड्यांना, असं करत स्वतःच्याच अंगावर चढून उभा राहायचा. आबांना तो आळस वाटायचा. "हात काढ मांडीवरचा," ते म्हणायचे. "मांडी कशापायी दिलीया?" आणि त्या दिवशीच्या बैठका वाढायच्या. बैठकांबरोबर खुराकही वाढायचा. घरच्या म्हशीचं दूध, बदाम, तूप. तासगावहून मामा बेदाण्याचा डबा पाठवायचा, भाचा पैलवान होतोय म्हणून निवडून ठेवलेला लांब, हिरवट बेदाणा. त्यातला निम्मा मी खाल्ला. दादानं स्वतःच मला डबा काढून दिला होता, त्याला गोड फार आवडत नाही. त्या खुराकानं पोटरी भरत गेली आणि मांडी मात्र बारीक होत गेली.

आबांना कुणी दुष्ट समजू नये. दादानं मारलेली प्रत्येक बैठक त्याच्या शेजारी उभं राहून त्यांनीही मारली. स्वतः घाम गाळल्याशिवाय दुसऱ्याला हुकूम द्यायचा नाही हे त्यांचं तत्त्व होतं. मला त्यांचा राग यायचा आणि त्याच वेळी त्यांच्यासारखं व्हावंसंही वाटायचं.

फौजेच्या भरतीच्या दिवशी मी गेले नव्हते, पण काय झालं ते दादाकडून कितीतरी वेळा ऐकलंय. मैदानावर पळायला सोडल्यावर पहिल्याच फेरीत तो सगळ्यांच्या मागे पडला, मग थांबला, मग खाली बसला. बसला तो उठेना. दोघांनी धरून त्याला बाहेर आणलं. आबा कुंपणाशी उभे होते. घरी आल्यावर अंगणात चपला काढता काढता म्हणाले, "मनात नव्हतं तर आदी सांगायचं हुतंस."

"मनात हुतं आबा," दादा म्हणाला. "पाय न्हाई म्हणाले."

त्यानंतर वर्षभरात तो कॉलेजच्या जिन्यात पडला आणि कुणीतरी शहाण्या शिक्षकानं त्याला मिरजेला दाखवायला सांगितलं. मी तेव्हा सांगलीत शिकत होते, म्हणून मीही गेले. रक्त तपासलं, स्नायूंची तपासणी झाली, मग बीजाची, म्हणजे जनुकांची, तपासणी झाली. डॉक्टरांनी सांगितलं की हा कमरेच्या आणि मांडीच्या स्नायूंचा आजार आहे, जन्मापासून बीजात असलेला, हळूहळू वाढणारा. आई आणि वडील दोघांकडे त्या जनुकाची एकेक बिघडलेली प्रत होती, दोघांना काही त्रास नाही, पण दादाच्या वाट्याला दोन्ही बिघडलेल्या आल्या. मग त्यांनी दादाची पोटरी दाबली, जशी पाहुणे दाबायचे तशी, आणि म्हणाले, "ही ताकद नाही. स्नायू जाऊन इथे चरबी आणि चिवट धागे भरलेत."

आबा खुर्चीत ताठ बसले होते. म्हणाले, "साहेब, मी लय बैठका मारून घेतल्या ह्याच्याकडनं."

डॉक्टर चांगले होते, पण बाहेर रांग होती. ते म्हणाले, "ह्या आजारात अति व्यायाम करू नये." उत्तर खरं होतं आणि अपुरं होतं. आबांनी तेवढंच उचललं आणि घरी घेऊन आले.

आजारात दोघांचा वाटा आहे हे आईला समजलं. मग म्हणाली, "रीतच हाय आपली. कुणाकुणाला बोलायचं आता?" आणि ती कामाला लागली. आबांचं तसं झालं नाही. त्यांनी स्वतःचा व्यायाम बंद केला. तालमीवरून जायचा रस्ता सोडून ते लांबच्या वाटेनं रानात जायला लागले. आणि "ऊठ" हा शब्द त्यांनी सोडूनच दिला. दादाला काही सांगायचं असलं तर ते आईला सांगायचे, "जेवायला वाढलंय म्हणावं." दादा उठायला लागला, हात जमिनीला टेकले, की आबा काहीतरी निमित्त काढून खोलीबाहेर जायचे. गोठ्यात जायचे, विहिरीवर जायचे. बापलेकांत अबोला नव्हता. पण बाप मुलाला उठताना बघू शकत नव्हता, आणि उठताना बराच वेळ लागणाऱ्या माणसाच्या घरात हे दिवसातून कितीदा घडतं याची कल्पना करा.

मी पुढे याच विषयात शिकत गेले, ते दादामुळेच. शिकल्यावर पहिलं काम आबांची समजूत घालण्याचं केलं. "आबा, रोग बीजातला हाय. बैठकांनी होत न्हाई."

"बी खराब असंल," ते म्हणाले. "पर झाड मी मोडलं."

मी पुन्हा पुन्हा सांगून पाहिलं. मुलगी बापाला धीर देतेय, यापलीकडे त्यांना त्यात काही दिसत नव्हतं. आयुष्यभर त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्यावर विश्वास ठेवला होता.

मग एका दिवाळीत दादानंच तोड काढली. तो आता गावात मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवतो. हातांपर्यंत आजार अजून पोचलेला नाही, आणि ते हात एवढे बारीक काम करतात की आमच्या लॅबनं त्याला नोकरी द्यावी. आम्ही ओसरीवर चकल्या खात बसलो होतो. आबा रानात होते.

"तू लोकांच्या मांड्या वाढवतीस न्हवं?" तो म्हणाला. "मग माझी बी वाढव की."

"कशाला?"

"आबांना दाखवाय. एक मांडी अशी वाढव, जिनं जल्मात बैठक मारली न्हाई. मग बघू ती धड हाय का न्हाई."

मी चकली खाली ठेवली. मी इतकी वर्षं हेच काम करत होते आणि हा विचार माझ्या डोक्यात आला नव्हता. माझ्यासाठी ते आजाराचं संशोधन होतं, दादासाठी ती बापाची सुटका होती.

भावाचं मांस उचलून लॅबमध्ये नेता येत नाही, हे बरंच आहे. आमच्या विभागप्रमुख बाईंनी सगळी परवानगी रीतसर घेतली. दादाला सगळं समजावून त्याची संमती घ्यायचं काम दुसऱ्या सहकाऱ्यानं केलं आणि मला तेवढा वेळ बाहेर बसवलं. मिरजेत ते सोपं पडलं, कारण आमच्या लॅबपासून हॉस्पिटल हाकेच्या अंतरावर आहे. मांडी बधिर करून तुकडा काढायच्या वेळी दादानं डॉक्टरांना सांगितलं, "साहेब, जरा बिनहाडाचं द्या." डॉक्टरांना हसू आवरेपर्यंत थांबावं लागलं.

तुकडा माझ्या हातात आला आणि मी कामाला लागले. काम काम असतं. पेशी वेगळ्या केल्या, बशीत सोडल्या, गरम पेटीत ठेवल्या. काही दिवसांनी सूक्ष्मदर्शकाखाली त्या दिसायला लागल्या, लांबट, दोन्ही टोकांना निमुळत्या. तेव्हा मात्र मला रडू आलं, आणि मी एकटीच असल्यामुळे येऊ दिलं.

घरून रोज फोन यायचा. आई विचारायची, "आबा इचारत्यात, पेशी जेवल्या का?" आबा स्वतः फोनवर यायचे नाहीत.

एकदा मात्र आले. मी आईला सांगत होते की आता पेशी पुरेशा झाल्यात, उद्यापासून त्यांचा खुराक कमी करणार. मागून आबांचा आवाज आला, "दे हिकडं." मग फोनवर म्हणाले, "खुराक कमी? आता कुठं बाळसं धरतंय आन् खुराक कमी?"

"आबा, भरपूर खायला मिळालं की ह्या पेशी नुसत्या वाढत राहत्यात. खुराक काढला की एकमेकींना चिकटत्यात आन् त्यांचा स्नायू होतोय."

मग ते म्हणाले, "उपाशी ठेवून पैलवान व्हतोय म्हणजे." आणि फोन ठेवला. मला वाटतं ते हसले असावेत, पण ते सिद्ध करता येणार नाही.

स्नायूला ओढ लागते. नुसता बशीत ठेवला तर त्याची गुठळी होते. म्हणून आम्ही रबरासारख्या दोन बारीक, लवचीक खुंट्या बशीत उभ्या करतो आणि पेशी त्यांच्यामधल्या मऊ जेलमध्ये सोडतो. जेल आकसतं, खुंट्यांना धरून ताणलं जातं आणि त्या ताणाच्या दिशेनं पेशी सरळ ओळीत लागतात. पहिल्या खेपेला दादाचा स्नायू खुंटीवरून सुटला आणि त्याचा गोळा झाला. मी शिव्या दिल्या, कुणाला ते माहीत नाही, आणि पुन्हा केलं. दुसऱ्या खेपेला तो टिकला. शेजारच्या बशीत एका निरोगी माणसाचा स्नायू वाढवला होता, पायाच्या ऑपरेशनच्या वेळी त्यानं खुशीनं दिलेला. विजेचा बारीक झटका दिला की स्नायू आखडतो आणि खुंट्या आत वाकतात. जेवढ्या वाकतील तेवढी ताकद. निरोगी स्नायूनं खुंट्या चांगल्या वाकवल्या. दादाच्या स्नायूनं थोड्याच.

मी त्याचं मोबाईलवर शूटिंग केलं, रविवारी घरी गेले आणि आबांना दाखवलं. "बघा. हा नवा कोरा स्नायू हाय. तालीम म्हायीत न्हाई ह्याला."

आबांनी चष्मा लावून ते पुन्हा पुन्हा बघितलं. मग मोबाईल परत दिला. "पर पेशी त्याच्याच मांडीतल्या न्हवं? बैठका मारलेल्या मांडीतल्या. आई मार खाल्लेली असंल तर लेकरू कसं धड निपजंल?"

हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं, कारण बाईंनी लॅबच्या मीटिंगमध्ये तोच विचारला होता. त्यामुळे त्याचं उत्तर मी आधीच कामाला लावलं होतं. दादाचं रक्त घेऊन ठेवलं होतं. रक्तातल्या काही पेशींना खास रसायनांच्या मदतीनं अगदी मागे नेता येतं, गर्भाच्या सुरुवातीला पेशी असतात तशा अवस्थेत, जिथून त्या काहीही होऊ शकतात. तिथून त्यांना हळूहळू स्नायूकडे वळवायचं. "आबा, रक्तानं तर बैठका मारल्या न्हाईत?"

"न्हाई," ते म्हणाले. आणि मग, "किती दिवस लागतील?"

बराच काळ लागला. आमच्या उसाला मातीची भर लावली तेव्हा सुरू केलं आणि तोडणीवाल्यांच्या गाड्या गावात आल्या तेव्हा खुंट्यांवर स्नायू धरला. मध्ये एकदा सगळी खेप बुरशीनं गेली. एकदा पेशींनी स्नायू व्हायचं सोडून भलतंच काही व्हायचं मनावर घेतलं. मी त्यांना सोडलं नाही. माझ्यात आबांचा जो हट्ट आलाय तो अशा वेळी कामाला येतो. निरोगी माणसाच्या रक्तापासूनही तसाच स्नायू शेजारी वाढवला, नाहीतर आबांनी उद्या विचारलं असतं की रक्तातून केलेला प्रत्येकच स्नायू असा दुबळा नसतो कशावरून.

या वेळी मी शूटिंग केलं नाही. बाईंची परवानगी घेतली आणि आबा आणि दादा दोघांना मिरजेला बोलावलं.

ते चुलत्यांच्या गाडीतून आले. लिफ्ट चालू होती. दादा काठी घेऊन चालतो, पण फार वेळ उभं राहता येत नाही, म्हणून त्याला मी लॅबमध्ये एका खुर्चीत बसवलं. आबांनी पांढरी टोपी आणि इस्त्रीचा शर्ट घातला होता, बूट बाहेर काढले होते आणि आमचे निळे प्लास्टिकचे मोजे पायांवर चढवले होते. ते लॅबमध्ये शिरले तेच एखाद्या साहेबाच्या ऑफिसात शिरल्यासारखे. कशालाच हात लावला नाही.

सूक्ष्मदर्शकाला जोडलेल्या पडद्यावर मी आधी निरोगी स्नायू दाखवला. झटका दिला, स्नायू आखडला, खुंट्या आत वाकल्या. पुन्हा, पुन्हा.

"हा धडधाकट माणसाचा. रक्तापासनं केलेला."

मग दुसरी बशी ठेवली. "हा दादाचा. ह्योबी रक्तापासनं."

झटका दिला. स्नायू आखडला. खुंट्या हलल्या, पण जेमतेम. आबा पडद्याच्या अगदी जवळ गेले. मी पुन्हा झटका दिला. पुन्हा तेवढंच. त्या बारक्या पांढुरक्या दोरीकडे बघताना मला ती कालव्याच्या रस्त्यावर माझ्या मागे राहणाऱ्या दादासारखी वाटली, मन लावून पळणारी आणि मागे पडणारी.

दादा खुर्चीतूनच म्हणाला, "आबा, ह्यो कवाच तालमीत आला न्हवता."

आबांची नजर पडद्यावरच होती.

"ह्याला पहाटं कुणी उठवलं न्हाई. ह्याच्या बैठका कुणी मोजल्या न्हाईत. बेदाणा बी खाल्ला न्हाई ह्यानं, तो हिनं खाल्ला. तरी बगा कसा हाय. माझ्यावाणीच हाय."

आबांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, परत लावला. मग माझ्याकडे वळून विचारलं, "म्हणजे बैठकांनी कायबी झालं न्हाई?"

इथे खोटं बोलणं सोपं होतं. पण ज्या माणसानं डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मानलं नाही त्याला मी पाहिलेलंच सांगायला हवं होतं. "तसं म्हणता येत न्हाई, आबा. असल्या स्नायूला लय ताणलं तर तो थोडा लवकर थकतोय, ते बी मी बशीत बघितलंय. थोडीफार झीज बैठकांनी झाली असंल. पर रोग बैठकांनी दिला न्हाई. तुमी एक बैठक मारून घेतली नसती तरी दादा आज काठीच घेऊन चालला असता. रोग अर्धा तुमच्याकडनं आला, अर्धा आईकडनं, आन् तुमा दोघांनाबी ठावं नव्हतं."

"थोडीफार," आबा म्हणाले.

"थोडीफार."

त्यांनी मान हलवली. "थोडीफार" हा शब्द त्यांनी नीट तोलून घेतला, आणि मला दिसलं की तो त्यांना पेलतो आहे. इतकी वर्षं ते सगळाच्या सगळा भार घेऊन फिरत होते. त्यातला आपला वाटा तेवढा कुणीतरी वेगळा काढून हातात द्यावा, असं त्यांना हवं होतं. माफी त्यांनी कधीच मागितली नव्हती आणि दादानंही ती कधी देऊ केली नव्हती.

मी बशा परत गरम पेटीत ठेवल्या. ह्या स्नायूवर आमचं काम आता सुरू झालंय, दोन औषधं करून बघायची आहेत, त्यातलं एक आशा वाटण्यासारखं आहे. दादाला मी ते सांगितलंय आणि वाढवून सांगितलेलं नाही. तो म्हणतो, आधी बशीतल्याला उभा कर, मग माझ्याकडं ये.

बाहेर गाडी उभी होती. चुलत्यांना संध्याकाळच्या आत परतायचं होतं. मी हात धुऊन आले तेव्हा आबा दादाच्या खुर्चीसमोर उभे होते. मला वाटलं, आता ते नेहमीसारखे बाहेर जातील, गाडी बघतो म्हणतील, आणि मी दादाला उठवीन. ते जागचे हलले नाहीत.

"ऊठ," ते म्हणाले.

दादानं वर बघितलं. मीही बघितलं. कितीतरी वर्षांनी तो शब्द आमच्यात आला होता.

"मांडीला हात लावून ऊठ, गड्या. दमानं."

दादानं काठी खुर्चीला टेकवून ठेवली, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकले, मग मांड्यांवर, आणि सावकाश, थांबत थांबत, स्वतःला वर उचलायला लागला. त्याला नेहमीइतकाच वेळ लागला. तो ताठ उभा राहीपर्यंत आबा त्याच्याकडे बघत होते.